खडूची नदी आणि काळ्या पाषाणाची नदी

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

नदीचा उगम कोठे, ती कोणत्या समुद्रास मिळते, तिला उपनद्या कोणत्या आणि तिच्या काठी तीर्थक्षेत्रे कोणती, एवढे पाठ झाले की ती नदी आपल्याला समजली असे आपण धरून चालतो. शाळेतल्या भूगोलाने आपल्याला लावलेली ही सवय आहे. वस्तुतः माणसांना जसा स्वभाव असतो तसा तो नद्यांनाही असतो. एखादी नदी बारा महिने एकाच संथ चालीने वाहते. एखादी चार महिने रौद्र रूप धारण करते आणि उरलेले आठ महिने दगडांतून वाट शोधत फिरते. हा स्वभाव घडतो कशाने? पावसाने घडतो हे उत्तर चटकन सुचते, पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर नदीच्या पोटाखालच्या खडकात दडलेले असते.

प्रस्तुत लेखात मला आपल्या सावित्रीच्या स्वभावाविषयी लिहावयाचे आहे. परंतु रोजच्या सहवासातल्या माणसाचा स्वभाव आपल्या नजरेतून निसटतो. त्याच्या शेजारी एखादा परका उभा राहिला म्हणजे तो नीट दिसतो. म्हणून आधी दूरदेशीच्या काही नद्यांची ओळख करून देतो आणि मग महाड-पोलादपूरकडे वळतो.

तत्पूर्वी एक प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. सावित्री जेथे उगम पावते त्या महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात तो साधारण सातशे ते नऊशे मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. असे असूनही तिकडच्या कित्येक नद्या बारा महिने काठोकाठ आणि नितळ वाहतात, आणि आपल्या पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरवाड्यांना मात्र एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे काय आहे?

खडूच्या नद्या

इंग्लंडचा दक्षिण व पूर्व भाग आणि फ्रान्सचा उत्तर भाग येथे जमिनीखाली खडूचा खडक आहे. खडू म्हटला की आपल्याला फळा आठवतो. (हल्ली वर्गात मिळणारा खडू बहुधा जिप्समचा असतो, पण नाव मात्र त्या जुन्या दगडाचेच चालू आहे.) हा खडक म्हणजे चुनखडीचाच एक मऊ आणि शुभ्र प्रकार. सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तेथे उबदार समुद्र होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या सागरी शैवालांची चुन्याची कवचे त्याच्या तळाशी साचत गेली आणि लक्षावधी वर्षांत त्यांचे शेकडो मीटर जाडीचे थर बनले. पुढे समुद्र हटला, थर वर उचलले गेले आणि त्यांच्या मंद उताराच्या, गवताळ टेकड्या झाल्या.

या टेकड्यांवर पडणारा पाऊस पृष्ठभागावरून फारसा वाहून जात नाही, तो जमिनीत मुरतो. खडूत पोकळी पुष्कळ असते, परंतु त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की त्यांतले पाणी सहजासहजी सुटत नाही. पाणी चालते ते खडकाला गेलेल्या बारीक बारीक भेगांमधून, आणि तेही सावकाश. हिवाळ्यात मुरलेला पाऊस जमिनीखालची पातळी हळूहळू वाढवीत नेतो आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडत राहतो. थंडीत मिळालेली ही कमाई ती नदी उन्हाळाभर पुरवून पुरवून खाते. आपल्याकडे एखादी काटकसरी गृहिणी दिवाळीनंतर कणगीत भरलेले भात पुढच्या आश्विनापर्यंत पुरवते, तसाच हा प्रकार आहे.

या नदीची सारी लक्षणे या एका गोष्टीतून निघतात. पाणी खडकातून गाळून आलेले असल्यामुळे ते स्फटिकासारखे स्वच्छ असते. ते जमिनीच्या पोटातून येते म्हणून झऱ्यापाशी त्याचे तापमान बारा महिने दहा-अकरा अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. बाहेर बर्फ पडो वा ऊन पडो, त्याला फरक पडत नाही. त्यात चुना विरघळलेला असतो म्हणून ते किंचित अल्कधर्मी असते. प्रवाह कधी फार वाढत नाही व फार आटत नाही, म्हणून तळाचे चकमकीचे खडे जागचे हलत नाहीत आणि त्यांच्या आधाराने पाणवनस्पतींची कुरणेच्या कुरणे उभी राहतात. त्यांतली एक वनस्पती मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांनी बहरते आणि सारी नदी फुलांची चादर पांघरल्यासारखी दिसते. या वनस्पतींत कीटक वाढतात, कीटकांवर ट्राउट मासे वाढतात, समुद्रातून आलेले सामन मासे खड्यांत अंडी घालतात आणि माशांवर खंड्या व पाणमांजर जगतात. हँपशरमधील टेस्ट आणि इचेन या नद्या यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. साऱ्या जगात अशा नद्या दोनशेहून थोड्या अधिक असाव्यात, आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या इंग्लंडमध्ये आहेत.

काही खडूच्या नद्यांचे वरचे टोक मात्र हंगामी असते. जमिनीखालची पातळी उतरली की ते कोरडे पडते आणि हिवाळ्यानंतर पुन्हा वाहू लागते. तेथील जीवसृष्टी या कोरडेपणाशी जुळवून घेऊन जगते. म्हणजे नदीने काही काळ आटणे ही नेहमीच विकृती असते असे नाही, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल.

इतक्या सुदैवी नद्यांवरही संकट आहेच. जमिनीखाली पाणी साठलेले आहे हे कळल्यावर माणसाने पंप बसवले. लंडनच्या आसपासची शहरे वाढली आणि नदीने जपून ठेवलेले पाणी झऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच नळांत जाऊ लागले. त्यामुळे चिल्टर्न टेकड्यांतल्या काही नद्यांचे पट्टे अवेळी कोरडे पडू लागले. शिवाय सांडपाणीही त्यांत जाते. कणगीच रिकामी झाली तर काटकसर तरी किती पुरणार?

आपला खडक

आता सह्याद्रीकडे येऊ. इंग्लंडच्या भूमीवर खडूचे थर साचण्याचे काम जेव्हा संपत आले होते, नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्या भूमीवर लाव्ह्याचे पूर येत होते. भूकवचाच्या भेगांतून उसळलेला हा लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. तिकडे सूक्ष्म जीवांनी शांतपणे रचलेला पांढरा खडक आणि इकडे अग्नीने ओतलेला काळा खडक, ही या दोन नद्यांची जन्मकथा आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून समोरच्या कड्यांकडे पाहावे. डोंगराला आडव्या पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. एक एक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक एक प्रवाह. या थरांचे गुण सारखे नसतात. थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो. त्यात पाणी शिरते ते केवळ चिरांमधून. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो, पण ती छिद्रे अनेकदा गारेसारख्या पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा त्यावर येईपर्यंत जो काळ गेला त्याची ती खूण आहे. हा पट्टा चिकण असल्याने पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

अशा खडकात पाणी मुरते, पण थोडे मुरते आणि त्याला साठायला जागाही थोडी असते. त्यात भर उताराची. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंच. घाटरस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटरवर पोलादपूर, आणि तेथे येईपर्यंत सावित्रीने आपली बहुतेक उंची उतरून टाकलेली असते. पुढे महाडच्या आसपास तर भरतीचे पाणी बाणकोट खाडीतून तिला सामोरे येते. याच खाडीतून एके काळी गलबते महाड बंदरापर्यंत येत असत. त्यात पुन्हा सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. खडूच्या टेकडीवर रिमझिम पडणाऱ्या पावसाला मुरायला सवड मिळते. येथे धो धो कोसळणाऱ्या पावसाला कड्यावरून उडी घेण्यापलीकडे गत्यंतर नसते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. लंडन शहरात वर्षभरात साधारण एवढाच पाऊस पडतो. वर्षाचा पाऊस एका दिवसात, तोही कड्याच्या माथ्यावर! महाडची बाजारपेठ बुडाली. तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई आदी गावांवर अशीच आपत्ती आली होती, आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील जुना दगडी पूल पुरात पडून एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या होत्या. सावित्रीविषयी बोलताना महाडकराच्या आवाजात जी भीती असते ती पुस्तकी नाही.

उन्हाळ्यात नदी कशावर जगते?

मग खडकाने जे जमिनीखाली साठवले नाही त्याची उणीव ही नदी कशी भरून काढते? माझ्या मते ती दोन ठिकाणी भरून काढते : डोंगरातल्या झऱ्यांत आणि नदीतल्या कोंडींत.

प्रथम झरे. महाबळेश्वरच्या माथ्यावर बेसाल्टवर जांभ्याची टोपी आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि सावकाश सोडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम जेथे मानतात ते पंचगंगेचे मंदिर याच माथ्यावर आहे. खडूशी थोडेफार साम्य असलेला आपला दगड कोणता, असे कोणी विचारले तर मी जांभ्याकडे बोट दाखवीन. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्याचा विचार करताना आपण थंड हवेचाच विचार करतो. परंतु त्या माथ्यावरच्या जंगलाशी आणि जांभ्याशी पोलादपूरच्या घागरीचाही संबंध आहे.

माथ्याच्या खाली उतरणीवरही झरे आहेत. चिरांतून झिरपलेले पाणी त्या तांबड्या चिकण पट्ट्यापाशी किंवा घट्ट थरापाशी अडते आणि आडवे चालत जाऊन डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. आपल्या वाड्या कड्याच्या मध्यावरच का वसल्या असतील, हा प्रश्न मला लहानपणी पडे. त्याचे उत्तर हे झरेच आहेत. माझे आजोळ पोलादपूर तालुक्यात, घाटाच्या अंगाला आहे. वाडीच्या वर एक झरा आहे. आजी सांगते, तिच्या लग्नानंतर पुष्कळ वर्षे तो झरा मृगापर्यंत पुरत असे. वरच्या अंगाचे रान तुटत गेले तसा तो आधी चैत्रात आणि मग शिमग्यालाच आटू लागला. आता तेथे एक जण उतरून वाटीने हंडा भरतो आणि बाकीच्या बाया रांगेने बसून राहतात. कर्ती माणसे मुंबईला. गावात राहिल्या त्या बाया आणि म्हातारी माणसे. पाण्याचा शोध कोणी घ्यावयाचा हे त्यामुळे आपोआपच ठरून गेलेले आहे.

झाडे आणि झरा यांचा संबंध सरळ आहे. उतारावर रान असले म्हणजे पालापाचोळा व मुळे पावसाचा वेग मोडतात आणि थेंबाला मुरायला क्षणभर जास्त मिळतो. उघड्या उतारावर तोच थेंब माती घेऊन पळतो. खडूच्या खडकाने ही सवड आपोआप दिली. आपल्याकडे ती रानाने द्यावी लागते.

कोंडींतले जग

आता कोंडी. उन्हाळ्यात सावित्री, काळ किंवा गांधारी या नद्यांच्या पात्रातून चालत गेले तर पाणी सलग दिसत नाही. मोठमोठे धोंडे, वाळूचे व गोट्यांचे पट्टे आणि मध्येच एखादा खोल, हिरवागार डोह. यालाच आपल्याकडे कोंड म्हणतात. पुराचे पाणी दगडगोट्यांना भोवऱ्यात घुसळून कातळात रांजणखळगे पाडते. धबधब्याच्या पायथ्याशी किंवा मऊ थर लागेल तेथे ते अधिक खोल खणते. ज्या पुराला आपण नुसता संहारक समजतो त्यानेच उन्हाळ्यासाठी ही टाकी कोरून ठेवलेली असतात.

फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत नदीचे जवळजवळ सारे जीवन या कोंडींत एकवटते. काठाला करंज, जांभूळ, उंबर यांची सावली असते, त्यामुळे पाणी फार तापत नाही. पात्रातल्या धोंड्यांत शेरणीची झुडपे असतात. त्यांच्या चिवट मुळ्या गोटे धरून ठेवतात आणि पुरात ती झुडपे मोडण्याऐवजी लवतात. सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या कातळावर आणखी एक अद्भुत वनस्पती आढळते. दिसायला ती शेवाळासारखी, पण जात सपुष्प. पावसाळाभर ती वेगवान पाण्याखाली खडकाला चिकटून वाढते आणि पाणी उतरून खडक उघडा पडला की घाईघाईने फुलून, बी टाकून सुकून जाते. तिकडच्या नदीतली वनस्पती स्थिर पाण्यावर बहरते. इकडची वनस्पती पाणी ओसरण्याचीच वाट पाहत असते. आटणे ही विकृती नव्हे असे वर म्हटले ते यासाठीच. नदीच्या चढउताराचे वेळापत्रक येथल्या जीवांच्या अंगवळणी पडलेले आहे.

माशांचेही तसेच. पहिल्या पावसाला वलगणीचे मासे ओहळांतून व शेतांतून वर चढतात हे खेड्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ही चढण म्हणजे त्यांचा विणीचा हंगाम. उन्हाळ्यात कोंडीत तग धरून राहिलेले मासेच पावसाळ्यात साऱ्या खोऱ्यात पसरतात. म्हणजे एखादी कोंड ही केवळ पाण्याची टाकी नव्हे, ते साऱ्या नदीचे बियाणे आहे.

याचा प्रत्यक्ष पुरावा पाहावयाचा असेल तर महाड तालुक्यात बिरवाडीच्या पुढे काळ नदीवरील वाळणच्या कोंडीवर जावे. काठाला वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि पाण्यात महाशीर मासे आहेत. यालाच मराठीत खडशी असेही म्हणतात. दख्खनच्या या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज पुण्याच्या त्या नद्यांची अवस्था काय आहे ते सांगावयास नको. हा मासा मोठा, ताकदवान आणि स्वच्छ पाण्याचा शौकीन. त्याला भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते, विणीसाठी गोट्यांचा तळ लागतो आणि उन्हाळ्यात खोल डोह लागतो. तो वाळणला टिकला, कारण तेथे तो कोणी मारत नाही.

मी गेल्या उन्हाळ्यात तेथे गेलो होतो. मूठभर चुरमुरे टाकले की काळसर पाठी एकदम वर येतात आणि क्षणात पुन्हा खाली जातात. काठावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, "बाबा, एवढे मोठे मासे, कुणाला धरावेसे वाटत नाहीत?" ते म्हणाले, "देवीचं मासं हायती ते. आमच्या वाडवडलांनी कधी हात लावला न्हाय, आमी कशाला लावू?" त्यांना परिसरविज्ञान कोणी शिकवलेले नव्हते. परंतु मत्स्यशास्त्रज्ञ आज ज्याला संरक्षित क्षेत्र म्हणतात, त्याचा नेमका अर्थ त्यांच्या वागण्यात होता : नदीचा जो भाग उन्हाळ्यात सर्वांत मोलाचा, तो सर्वांनी मिळून राखून ठेवावयाचा.

अर्थात श्रद्धेलाही सीमा आहेत. देवीची आण त्या एका कोंडीपुरती. वरच्या अंगाला कोणी पाण्यात विष कालवले किंवा सुरुंग उडवला तर प्रवाह आण पाळत नाही. आणि खाली महाडकडे आल्यावर प्रश्न आणखी वेगळा होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तीत सावित्रीचाही पट्टा होता. आणि तरीही महाड शहराशेजारच्या पात्रात मगरी आहेत. हिवाळ्यात पाणी उतरले की दुपारच्या उन्हात त्या काठावर किंवा पात्रातल्या उंचवट्यावर निवांत पडलेल्या दिसतात. मगरीची मादी उन्हाळ्यात काठच्या मातीत बीळ करून अंडी घालते आणि पावसाळा तोंडावर आला असता पिले बाहेर येतात. तिलाही खोल पाणी हवे, आणि मातीचा काठ हवा. दगडी भिंतीत अंडी घालता येत नाहीत.

पूर, गाळ आणि डोह

येथे मी या लेखाच्या मूळ मुद्द्यावर येतो. २०२१ च्या पुरानंतर महाडकरांनी मागणी लावून धरली आणि सावित्रीच्या पात्रातला गाळ व बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. मागणी योग्यच होती. दरडींनी आणलेले दगड-माती पात्रात साचली, तर पुराचे पाणी शहरात शिरणार हे उघड आहे. ज्याच्या दुकानाचा तळमजला बुडाला, ज्याचे पुस्तकांपासून धान्यापर्यंत सारे चिखलात गेले, त्याला मगरीच्या बिळाविषयी व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या घरी त्या चिखलाची खूण भिंतीवर अजून आहे.

परंतु गाळ काढणे आणि नदी सपाट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडूच्या नदीचे पात्र कोणी सरळ केले तर तिचे नुकसान होते, तरी तिच्या पोटाखालचा साठा शाबूत असतो. झरे तिला पुन्हा उभी करू शकतात. सावित्रीला असा साठा पुरेसा नाही. तिच्याकडे आहेत त्या कोंडी, त्यांना आडोसा देणारे गोट्यांचे बांध आणि सावली देणारे काठ. यंत्राने एकसारखे पात्र खणून काठ साफ केला, तर पावसाळ्यात पाणी कदाचित लवकर जाईल. पण पुढच्या उन्हाळ्यात तेथे उथळ, तापलेले, सावलीविरहित पाणी राहील. त्यात मासा जगणार नाही आणि काठच्या विहिरीलाही आधार राहणार नाही.

शिवाय गाळ येतो कोठून, हा प्रश्न उरतोच. तो महाडच्या बाजारात तयार होत नाही; तो पोलादपूरच्या आणि रायगडाच्या डोंगरउतारांवरून येतो. उतार उघडे राहतील, रस्त्यासाठी डोंगर कापून माती दरीत लोटली जाईल, तोवर काढलेल्या गाळाची जागा पुढचा पावसाळा भरून काढील. माझ्या आजोळचा आटलेला झरा आणि महाडच्या पेठेतला चिखल हे एकाच गोष्टीचे दोन शेवट आहेत. डोंगराने पाणी धरून ठेवले नाही, म्हणून ते जुलैत खाली एकदम आले आणि एप्रिलमध्ये वर मुळीच राहिले नाही. पूर आणि टंचाई या दोन आपत्ती नसून एकच आपत्ती आहे, असे मला हा विषय अभ्यासताना वाटू लागले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, गाळ काढताना कोंडी कोणत्या, त्या कोठे आहेत, कोणत्या गोट्यांच्या पट्ट्यावर मासे वीण घालतात आणि कोणत्या काठावर मगरीची बिळे आहेत, याची नोंद आधी व्हावी. तेवढे तुकडे राखून बाकीचे काम व्हावे. शहर वाचावे आणि नदीही वाचावी, यात विरोध नाही. आणि पैशाचा एक वाटा वरच्या झऱ्यांच्या रानावर खर्च व्हावा, कारण पुराचा पहिला बंधारा तोच आहे.

महाडला पाण्याचा प्रश्न निव्वळ भूगोलाचा कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि सार्वजनिक पाण्यावर कोणाचा हक्क हा प्रश्न या गावाने साऱ्या देशापुढे ठेवला. त्या खटल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ साली सत्याग्रहींच्या बाजूने लागला. पाणी सर्वांचे आहे हे तेव्हा सिद्ध झाले. सर्वांचे आहे म्हणजे त्याची काळजीही सर्वांची आहे, हा त्याचा पुढचा अर्थ आपण अजून पुरता अंगी बाणवलेला नाही. नदीचे काय करावयाचे हे ठरवताना महाडच्या व्यापाऱ्याबरोबर वाडीतल्या बाईलाही विचारले गेले पाहिजे, कारण एकाच्या पुराचे पाणी दुसरीच्या झऱ्याचे असते.

आपल्या महाविद्यालयात महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या जवळजवळ प्रत्येक खोऱ्यातले विद्यार्थी येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या गावचा एक झरा आणि एक कोंड यांची माहिती लिहून आणावी : झरा कोणत्या महिन्यात आटतो, पूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे, कोंडीत मे महिन्यात पाणी किती खोल राहते, कोणते मासे दिसतात, काठाला कोणती झाडे आहेत. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आजी-आजोबांना विचारले तरी अर्धी वही भरेल. तिकडे टेस्ट आणि इचेन नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून आज काय हरवले आहे ते त्यांना सांगता येते. आपल्याकडे नोंद नाही, त्यामुळे हरवलेल्याचा हिशेबही नाही. भूगोल विभागाने अशी एक नोंदवही सुरू केली आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांनी तीत भर घातली, तर दहा वर्षांत सावित्रीच्या खोऱ्याचे जे चित्र हाती येईल ते गाळ काढणाऱ्यांनाही उपयोगी पडेल आणि टँकर पाठवणाऱ्यांनाही. पहिले पान मी माझ्या आजोळच्या झऱ्याचे लिहून देतो. दुसरे पान कोणी तरी आपल्या वाडीचे आणावे.